पवनचक्की स्वतःसाठी लागलेली ऊर्जा परत देते का?

‘पवनचक्की बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ती आयुष्यभरातही निर्माण करत नाही’ असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. पोलाद आणि काँक्रीटचा तो अवाढव्य डोलारा पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र याचा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो.

२ मेगावॅट क्षमतेची पवनचक्की घेऊ. वारा सदैव सारखा नसल्याने ती सरासरी ३० टक्के क्षमतेनेच चालते असे धरले, तरी वर्षाच्या ८,७६० तासांत सुमारे ५२ लाख युनिट वीज तयार होते. आता दुसरी बाजू पाहू. खनिजापासून एक टन पोलाद बनवायला साधारण ६,००० ते ७,००० युनिटइतकी ऊर्जा लागते, म्हणजे अशा पवनचक्कीतील साधारण २५० टन पोलादाला फार तर साडेसतरा लाख युनिट. त्यात पायाचे काँक्रीट, पाती, वाहतूक आणि उभारणी मिळवली, तरी एकूण बेरीज सहसा एका वर्षाच्या उत्पादनाहून कमीच भरते. आणि पवनचक्की २० ते २५ वर्षे चालते.

शंका असल्यास ३० ऐवजी १५ टक्के धरून पाहावे. फेडीचा काळ दुप्पट होईल, आणि म्हणूनच चांगल्या वाऱ्याची जागा निवडणे मला फार महत्त्वाचे वाटते. तरीही त्यानंतर वीस-एक वर्षांची वीज शिल्लक राहतेच.