किनारी परिसंस्था-सेवांचे आर्थिक मूल्य

खाडी, खारफुटी, पुळण, प्रवाळभित्ती आणि सागरी गवताची कुरणे यांच्यापासून माणसाला मिळणाऱ्या लाभांचे पैशांत केलेले मोजमाप. मासळी, सरपण, वादळात मिळणारा आडोसा, माशांच्या पिलांना वाढायला जागा, गाळ आणि कार्बन यांची साठवण, पर्यटन असे हे लाभ आहेत. त्यांतल्या थोड्यांनाच बाजारात भाव असतो. चिंबोऱ्या आणि कालवे विकली जातात. लाट अडवल्याचे बिल मात्र कोणी पाठवत नाही. या विषयातील बहुतेक डोकेफोड त्या न आलेल्या बिलाची आहे.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात साऱ्या पृथ्वीचाच हिशोब मांडला. परिसंस्था-सेवांचे वार्षिक मूल्य त्यांनी सरासरी 33 लाख कोटी डॉलर धरले; त्यात सुमारे 63 टक्के वाटा सागराचा आणि त्यातला मोठा भाग किनारपट्टीचा होता. काही ठिकाणचे दर हेक्टरी मूल्य जगभरच्या क्षेत्रफळाने गुणण्याच्या या पद्धतीवर अर्थशास्त्रज्ञांनी सडकून टीका केली. आकड्याने विषयाला तोंड फुटले, हे खरे. पण एखादी खाडी बुजवावी की नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी स्थानिक अभ्यास लागतो.

असा एक अभ्यास थायलंडमधील आहे. तेथे खारफुटी तोडून कोळंबीचे तलाव खणले गेले. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड बार्बियर यांच्या मांडणीनुसार (1996 च्या किमतींत) तलावाच्या मालकाला हेक्टरी सुमारे 9,600 डॉलर नफा दिसतो. सरकारी सवलती वजा केल्या की उरतात जेमतेम 1,200. काही वर्षांत तलाव निकामी होतो आणि ती जमीन पूर्ववत करायला सुमारे 9,300 डॉलर लागतात. उलट उभ्या खारफुटीचे मूल्य 10,000 ते 12,400 डॉलरच्या घरात जाते. त्यात लाकूड आणि मासळीचा वाटा किरकोळ आहे. जवळजवळ सगळे मोल किनाऱ्याच्या संरक्षणाचे. ते मोजण्यासाठी खारफुटीऐवजी बंधारा बांधण्याचा खर्च धरायचा की तिच्यामुळे टळलेले नुकसान, यावर उत्तर बरेच बदलते. बंधाऱ्याचा हिशोब सोपा, पण फुगीर. तेथे तो बंधारा कोणी बांधलाच असता का, हा प्रश्न त्यात सुटून जातो.

टळलेल्या नुकसानीचा बोलका दाखला ओडिशातला आहे. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानंतर भितरकनिका परिसरातील तीन गावांची तुलना झाली. खारफुटीच्या आडोशाला असलेल्या गावात दर कुटुंबामागे सुमारे 33 डॉलरचे नुकसान झाले, ना खारफुटी ना बांध अशा गावात 44 डॉलरचे, आणि फक्त बांध असलेल्या गावात तब्बल 154 डॉलरचे. फुटलेल्या बांधातून आत शिरलेले खारे पाणी त्याच बांधामुळे बाहेर निघू शकले नाही. तीन गावांवरून सर्वत्र लागू होणारा नियम काढता येत नाही. तरी केंद्रापाडा जिल्ह्यातील अनेक गावांच्या माहितीवर आधारलेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही खारफुटीचा पट्टा जितका रुंद तितके मृत्यू कमी, असेच दिसले. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचवले, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

भारतात वनजमीन अन्य कामासाठी देताना ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्या वनापासून पुढे मिळत राहिले असते त्या लाभांची आजची किंमत, वसूल करतात. कांचन चोप्रा समितीच्या कामानंतर सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये मान्य केलेले दर हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये होते. पुढे ते वाढवण्यात आले. दर वनाच्या प्रकारावर आणि घनतेवर ठरतो, मागे किती वस्ती आहे यावर नाही. त्यामुळे मुंबईच्या दाट वस्तीला लागून असलेली तिवरे (खारफुटीची झाडे) आणि निर्जन खाडीतली तिवरे एकाच भावाची ठरू शकतात. व्यवहारात हा तोडीच्या परवानगीचा दर आहे. त्याला मूल्यांकन म्हणणे धाडसाचे.

एकाच सेवेला भाव मिळाला की काय होते, हे गोव्याच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या जमिनीत, दिसते. बांधातल्या ‘मानशी’पाशी, म्हणजे भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. मासळीचे पैसे रोख मिळतात, म्हणून ठेकेदार भरतीचे पाणी हवे त्यापेक्षा जास्त आत घेतो. भाताची खाचरे खारी होतात आणि बांध खचतात. लिलावाच्या रकमेत ही नासाडी कुठेच मोजलेली नसते.