नव्या चष्म्याने जमीन हलते? आधी जुना चष्मा कपाटात ठेवा

नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचायचा नंबर) नेला की तिसऱ्या दिवशी बरीच मंडळी आमच्या चष्म्याच्या दुकानात परत येतात. तक्रार ठरलेली: जिना उतरताना पायरीचा अंदाज येत नाही, मान वळवली की खोली हेलकावते, नंबर चुकलाय, काच बदलून द्या. आम्ही ग्राहकासमोरच काच मशीनवर लावतो. नंबर बहुतेक वेळा चिठ्ठीप्रमाणेच निघतो.

मग होते काय? एक डोळा मिटा. दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेला पापणीवरून बोटाने अगदी हलके दाबा (डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर नको). भिंतीवरचे कॅलेंडर डुगडुगेल. आता बोट काढा आणि नुसती नजर कॅलेंडरवरून दाराकडे न्या. डोळा मघापेक्षा कितीतरी जास्त फिरला, तरी भिंत जागची हलली नाही. डोळा फिरवण्याचा हुकूम देतानाच चित्र किती सरकणार हे मेंदू धरून चालतो आणि तेवढे वजा करतो. बोटाने ढकलताना तसा हुकूमच गेलेला नसतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी हे एकोणिसाव्या शतकातच मांडले होते.

मान वळवतानाही हाच हिशेब चालतो. पण प्लस नंबर चित्र मोठे करतो, मायनस लहान. प्रोग्रेसिव्हमध्ये तर वरून खाली नंबर बदलत जातो आणि कडेला चित्र थोडे ओढले जाते. जुना हिशेब चुकतो, म्हणून गरगरते. नवा बसायला काही दिवस लागतात, कोणाला दोन आठवडेही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी 1890 च्या दशकात जग उलटे दाखवणारी भिंगे आठ दिवस लावली होती. त्यातही त्यांचे हातपाय हळूहळू सरावले.

घोटाळा होतो तो इथे: ऑफिसात नवा, घरी आल्यावर जुना. सकाळी बसत आलेला हिशेब संध्याकाळी मोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत नवाच घाला. जिन्यावर कठडा धरा, हनुवटी खाली घेऊन पायरी बघा. नजर बसेपर्यंत गाडी चालवू नका.

आम्ही पंधरा दिवसांआधी काच बदलत नाही, याचा काहींना राग येतो. पण घाईने बदललेली काच म्हणजे पुन्हा नवा हिशेब. त्यानंतरही त्रास राहिला तर नंबर परत तपासून काच आमच्या खर्चाने बदलून देतो. चष्मा नाकावरून घसरत असेल तर मात्र त्याच दिवशी या. वाचायचा भाग दोन-तीन मिलिमीटर खाली गेला तरी अक्षर सापडत नाही. फिटिंगचे पैसे आम्ही घेत नाही. डोळा दुखणे, अचानक अंधारी, लखलखाट दिसणे यांसाठी आमच्याकडे थांबू नका, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

चाळिशी नुकतीच लागली असेल तर प्रोग्रेसिव्हचा विचार आताच करा. वाचनाचा नंबर कमी असताना कडेची ओढाताणही कमी असते, नजर लवकर बसते. येताना जुना चष्मा घेऊन या. त्याचा नंबर आणि बसण पाहिली की तुम्हाला फरक किती जाणवेल, हे आम्ही ऑर्डर घेण्याआधीच सांगू.