टीएलसी फक्त औषध ओळखते, मोजत नाही?

फार्मसीच्या वर्गांत पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं की थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे टीएलसी (पातळ थराच्या प्लेटवर मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत), गोळीत कोणतं औषध आहे एवढंच सांगते. किती आहे ते कळायला एचपीएलसीच (यंत्रावर चालणारी द्रव क्रोमॅटोग्राफी) हवी. हे खरं नाही.

५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी घ्या. २० गोळ्यांचं सरासरी वजन काढायचं, त्या कुटायच्या, ठरावीक भुकटी मिथेनॉलमध्ये विरघळवून गाळायची. मग सिलिका जेलच्या प्लेटवर हे द्रावण आणि शुद्ध पॅरासिटामॉलची वेगवेगळ्या प्रमाणांतली द्रावणं शेजारीशेजारी लावायची. कळीचा मुद्दा इथेच आहे: प्रमाणित द्रावणं त्याच प्लेटवर हवीत, कारण प्लेट बदलली की ठिपक्यांचा आकारही बदलतो. प्लेटवरून द्रावक वर चढला आणि ठिपके वेगळे झाले की डेन्सिटोमीटर प्रत्येक ठिपक्याने किती अतिनील प्रकाश शोषला ते मोजतो आणि तुलनेतून मिलिग्रॅम निघतात. औषधाचं प्रमाण आणि शोषण यांचा आलेख अनेकदा सरळ रेषेत येत नाही, म्हणून दोन-तीन प्रमाणित ठिपक्यांवर भागवू नये असं माझं ठाम मत आहे.

यंत्र नसेल तर? जर्मनीच्या ग्लोबल फार्मा हेल्थ फंडाच्या मिनिलॅब या औषध-तपासणी संचात अपेक्षित मात्रेच्या १०० आणि ८० टक्के प्रमाणाचे ठिपके लावून नजरेनेच तुलना करतात. निम्मंच औषध असलेली गोळी त्यात पकडली जाते. मात्र ब्रिटिश फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाची अधिकृत संहिता) पॅरासिटामॉल गोळीसाठीची मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे. ९३ टक्के की ९६, हा निवाडा डोळ्यांनी होणार नाही.