‘फुल फ्रेम’चं माप भोकांनी ठरवलं

कॅमेऱ्याच्या जाहिरातींत ‘फुल फ्रेम’ असं मिरवलं जातं, जणू चित्र टिपणाऱ्या सेन्सरचं 36 × 24 मिमी हे माप निसर्गानेच आखून दिलंय. कुणी ते माणसाच्या डोळ्याशी जोडतं, कुणी सुवर्ण गुणोत्तराशी. सुवर्ण गुणोत्तर 1.618 आणि छत्तीस भागिले चोवीस 1.5, एवढा भागाकार केला तरी पुरे.

हे माप आलं सिनेमाच्या फिल्ममधून. 35 मिमी रुंद पट्टी, दोन्ही कडांना दर 4.75 मिमीवर भोकं. सिनेमात पट्टी उभी सरकते आणि एका चित्राला चार भोकं लागतात. जर्मनीत लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नॅकने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तीच पट्टी आडवी चालवली आणि चित्राला आठ भोकं दिली. आठ गुणिले 4.75, म्हणजे 38 मिमी. त्यात 36 चित्राचे, 2 मधल्या फटीचे. 1925 मध्ये त्याचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि हेच माप रूढ झालं.

पण पुढच्या चित्रासाठी लिव्हर ओढल्यावर फिल्म दर वेळी बरोबर 38 मिमीच कशी सरकते? नुसतं रीळ फिरवून हे जमत नाही. 14 मिमी व्यासाच्या रिळाचा पहिला फेरा 44 मिमी फिल्म ओढतो. मग वेढ्यावर वेढे चढतात. 0.14 मिमी जाडीची दीड मीटर फिल्म गुंडाळून झाली की तोच फेरा सुमारे 68 मिमी ओढू लागतो. म्हणजे चित्रांमधल्या फटी वाढतच जाणार. म्हणून मोजायचं काम दातेरी चक्राकडे. त्याचे आठ दाते भोकांत बसतात, एक फेरा झाला की चक्र अडतं. रीळ घर्षणाच्या क्लचवर बसवलेलं असतं. चक्र सोडेल तेवढीच फिल्म ते घेतं, उरलेलं फिरणं घसरून जातं. रोल संपल्यावर तळाचं बटण दाबायचं ते हे चक्र मोकळं करून फिल्म परत गुंडाळायला.

निकॉनने 1948 मध्ये सात भोकांची 32 × 24 चौकट करून पाहिली. स्लाइड कापणारी यंत्रं आठ भोकांच्या हिशेबाने चालत, त्यामुळे तिचा निभाव लागला नाही. 1959 च्या ऑलिंपस पेनने मात्र चार भोकांत चित्र बसवून 36 चित्रांच्या रोलमध्ये 72 फोटो दिले.

120 नावाच्या, मागे कागद लावलेल्या रुंद फिल्मला भोकंच नाहीत. एकाच रोलवर 6 × 4.5 सेंमीची 16, 6 × 6 ची 12 किंवा 6 × 9 ची 8 चित्रं घ्या. मोजायला कॅमेऱ्याच्या पाठीवरची लाल खिडकी आणि तिच्यातून दिसणारे त्या कागदावरचे आकडे. 1937 च्या रोलायफ्लेक्स ऑटोमॅटने पहिल्या चित्रापुरती ती खिडकीही काढून टाकली: कागद दोन रोलरांमधून जात असतो, त्याला फिल्म येऊन मिळाली की जाडी किंचित वाढते, आणि तेवढ्यावर मोजणी सुरू होते.