घोरपडीने तानाजी कड्यावर चढला नाही

सिनेमा असो वा मालिका, तानाजी मालुसऱ्यांची मोहीम म्हटली की दोर बांधलेली यशवंती घोरपड हमखास दिसते. ही घोरपड आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. शिवरायांच्याच पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत तिचा उल्लेखही नाही. तो सांगतो, रात्री दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तिच्यावरून बाकीचे सुमारे तीनशे जण चढले. उघड्या हातांनी तो कडा चढणारे ते दोघे पडद्यावर कधी ठळक दिसतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा गैरसमज गडाच्या नावाचा. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं सर्रास सांगतात. लढाई फेब्रुवारी १६७०ची. शिवरायांच्या १६६३च्या पत्रात मात्र सिंहगड हेच नाव आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ हे हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीचं शीर्षक, आणि व्ही. शांताराम यांच्या १९३३च्या ‘सिंहगड’ चित्रपटाला आधार याच कादंबरीचा. सभासदाकडे महाराज म्हणतात, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’