तंबूतल्या सफारीला निघण्याआधी: टांझानियाला जाणाऱ्यांसाठी आमचं माहितीपत्रक

ऑफिसात येणारे बरेच जण मोबाइलवर तंबूचा फोटो घेऊन येतात. पांढरी मच्छरदाणी, पुढे लाकडी ओटा, मागे जिराफ. "असाच तंबू हवा." तंबू मिळतो, त्यात अवघड काही नाही. पण फोटो काढला त्या महिन्यात प्राणी तिथे होते. तुम्ही जाल तेव्हा ते असतील का, हे फोटोवरून कळत नाही. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी महिना, मग जागा, आणि तंबू सगळ्यात शेवटी. हे पत्रक त्याच क्रमाने लिहिलंय. बुकिंगच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचा, नुसतं पैसे भरणाऱ्याने नको.

महिना कोणता?

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढं. आता कल्पना करा, कळप वेल्ह्यात आहेत आणि तुमचा तंबू शिरूरला लागलाय. रोज सकाळी उठून तिकडे जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. सफारी फसते ती अशी.

सुमारे १३ ते १५ लाख विल्डबीस्ट (कळपाने राहणारे, गाईसारखे दिसणारे मोठे हरीण) आणि त्यांच्यासोबत दोन लाखांवर झेब्रे वर्षभर कोवळ्या गवतामागे फिरत असतात. गवत पावसामागे, कळप गवतामागे, सिंह कळपामागे. डिसेंबरअखेर ते मार्च कळप दक्षिणेला, न्दुतूच्या आसपासच्या खुरट्या गवताच्या मैदानात असतात. तिथल्या मातीत जुन्या ज्वालामुखींची राख आहे. त्यामुळे गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, म्हणून माद्या वितात त्याही इथेच. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं, कारण चित्ता आणि तरस तिथेच बसलेले असतात. लहान मुलं बरोबर असतील तर शिकार बघण्याची त्यांची तयारी आहे का, याचा विचार घरीच करून या.

जूनमध्ये कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, कोगातेंदे भागात, मारा नदीच्या दोन्ही काठांवर ये-जा चालू असते. नदी ओलांडण्याचं ते प्रसिद्ध दृश्य इथलंच. त्याला वेळापत्रक नाही. हजारोंचा कळप काठावर येतो, तास-दोन तास घुटमळतो आणि मागे फिरतो. "आम्हाला क्रॉसिंग दाखवणार ना?" या प्रश्नाला आम्ही कधीच 'हो' म्हणत नाही. उत्तरेला तीन रात्री ठेवल्या तर संधी बरी असते, एका रात्रीत मात्र निव्वळ नशिबाचा खेळ.

आता आपल्या सुट्ट्यांचं बघू. खरी गोची इथे आहे. शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि मार्चअखेर ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना काळी माती भिजली की चाकांचं काय होतं ते सांगायला नको. तिथेही तीच काळी माती आहे. बरेच फिरते, म्हणजे कळपांमागे जागा बदलणारे, कॅम्प या काळात बंद असतात. उघडे असतात ते स्वस्त मिळतात आणि गर्दीही नसते. पण चिखलात गाडी रुतली की त्या दिवसाची सफारी संपली. म्हणून उन्हाळी सुट्टीतच जायचं असेल तर आम्ही जूनचा पहिला पंधरवडा सुचवतो. दिवाळीत कळप उत्तरेहून दक्षिणेला निघालेले असतात, नेमके कुठे ते त्या वर्षीच्या पावसावर ठरतं. अशा वेळी मध्यावरचं सेरोनेरा सोयीचं. तिथे बारमाही पाणी असल्यामुळे सिंह, बिबटे, हत्ती वर्षभर दिसतात. नाताळची सुट्टी सगळ्यात चांगली आणि अर्थातच सगळ्यात महाग.

किती दिवस, कोणता रस्ता?

आमचा नेहमीचा आराखडा सात रात्रींचा. पहिली अरूशा शहरात, कारण मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किलिमांजारो विमानतळावर उतरेपर्यंत माणूस आंबलेला असतो. मग दोन रात्री तारांगिरे उद्यान, तीन रात्री सेरेंगेटी, शेवटची रात्र गोरोंगोरो विवराजवळच्या कारातू गावात. पाच दिवसांत पाच उद्यानं दाखवणारी पत्रकंही तुम्हाला मिळतील. ती घेऊन या, आम्ही नकाशा समोर ठेवून गाडीत किती तास जातील ते मोजून दाखवू.

तारांगिरेला लोक उगाचच कमी लेखतात. जून ते ऑक्टोबर बाकीचं पाणी आटलं की नदीवर हत्तींची रांग लागते. शेकड्याने हत्ती आणि मागे बाओबाबची अवाढव्य झाडं. गोरखचिंच ती हीच, आपल्याकडेही काही जुन्या आवारांत दिसते.

कारातूच्या पुढे गोरोंगोरोच्या फाटकाशी डांबर संपतं. तिथून सेरेंगेटीपर्यंत खडबडीत, धुळीचा, पन्हाळी पत्र्यासारखा लहरी-लहरींचा रस्ता. चालक त्याला हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. मणक्याचा त्रास असेल तर या टप्प्याला छोटं विमान घ्या, पैसे जास्त गेले तरी चालतील. वाटेत ओल्दुवाई घळ लागते. मेरी लीकी यांना १९५९ साली आदिमानवाची ती प्रसिद्ध कवटी सापडली ती इथे. तासभर थांबण्यासारखी जागा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे चालकावर कोणी रागावणार नाही. सेरेंगेटीचं प्रवेशशुल्क चोवीस तासांच्या हिशेबाने लागतं. आत शिरलात ती वेळ कागदावर पडते. बाहेर पडायला उशीर झाला तर पुढच्या दिवसाचे पैसे भरावे लागतात. म्हणून शेवटच्या दिवशी समोर सिंह असतानाही चालक घड्याळाकडे बघत असतो.

गोरोंगोरोचं विवर सुमारे ६०० मीटर खोल आणि तळ जवळपास २६० चौरस किलोमीटरचा. आत मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळी सहाच्या आत वर यावं लागतं. गाडी खाली उतरवण्याचं शुल्क एका वेळेला सुमारे ३०० डॉलर आहे, माणशी प्रवेश वेगळा. सहा जणांची गाडी भरली तर हा बोजा वाटला जातो, दोघंच असाल तर जाणवतो. काळा गेंडा दिसण्याची सगळ्यात चांगली संधी इथेच. जिराफ मात्र विवरात नाहीत, उगाच शोधू नका.

तंबू म्हणजे नेमकं काय?

'टेंटेड कॅम्प' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार कायमच्या कॅम्पचा. सिमेंटचा किंवा लाकडाचा चौथरा, वर जाड कॅनव्हास, आत खरा पलंग, मागे नळ आणि कमोड असलेली न्हाणी. भिंत कापडी आहे एवढाच फरक. दुसरा फिरता कॅम्प. डिसेंबर ते मार्च न्दुतूला आणि जुलै ते ऑक्टोबर कोगातेंदेला, कळपांबरोबर बिऱ्हाड हलवणारा. जेमतेम आठ-दहा तंबू. इथेही पलंग, गादी आणि तंबूला जोडून न्हाणी असते, पण आंघोळ बादलीची. तुम्ही वेळ सांगायची, माणूस बाहेरून गरम पाणी उंचावरच्या पिशवीत ओततो आणि हाक मारतो. वीसेक लिटर पाणी असतं. अंग भिजवा, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. बादलीभर पाण्यात आंघोळ उरकण्याची सवय आपल्याला आहेच. तिसरा प्रकार सार्वजनिक कॅम्पसाइटचा: छोटे घुमटाकार तंबू, जमिनीवर गादी, सामायिक संडास. गिर्यारोहणाची, ट्रेकिंगची सवय असलेल्यांना आम्ही हा आनंदाने सुचवतो, सत्तरीच्या आजींना नाही.

आमचं मत विचाराल तर सेरेंगेटीत फिरता कॅम्प घ्या आणि बाकी ठिकाणी कायमचा. पैसे ऐषारामापेक्षा जागेला मोजावेत. कळपांपासून अर्ध्या तासावरचा साधा तंबू हा तीन तासांवरच्या आलिशान तंबूपेक्षा केव्हाही बरा.

बहुतेक कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच. जेवायला नेण्या-आणण्यासाठी 'अस्कारी' येतो. आपल्या 'लष्कर'चा हा लांबचा नातलग शब्द, अर्थ पहारेकरी. तंबूत शिट्टी किंवा वॉकी-टॉकी ठेवलेली असते. रात्री तरसाचा 'ऊऽऽप' असा वर चढत जाणारा आवाज येईल. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते, त्यामुळे ती पलंगाखालून आल्यासारखी वाटली तरी सिंह लांब असू शकतो. चेन पूर्ण लावलेल्या तंबूला प्राणी खडक किंवा झुडूप समजून वळसा घालून जातात. फक्त आत खाण्याचा वास नको. आमच्या एका गटाने शंकरपाळ्यांची पिशवी तंबूत ठेवली आणि सफारीवरून परत येईपर्यंत माकडांनी चेन उघडून फराळ उरकला होता. घरचा खाऊ जरूर आणा, पण तो मेसच्या तंबूत द्या.

वीज सौरऊर्जेची असते. मोबाइल, कॅमेरा चार्ज होतो. हेअर ड्रायर आणि इलेक्ट्रिक किटली घरीच ठेवा. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

शाकाहारी मंडळींसाठी

ही काळजी फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिथे गेल्यावर सगळ्यात लवकर मिटते. पूर्व आफ्रिकेत भारतीय, विशेषतः गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चपाती तिथल्या रोजच्या जेवणात आहे आणि तिला 'चपाती'च म्हणतात. राजम्यासारखी 'महाराग्वे', भात, पालेभाजी सगळीकडे मिळते. तरी कॅम्पला महिनाभर आधी कळवावं लागतं, कारण रसद ट्रकने अरूशाहून येते. 'शाकाहारी' एवढंच सांगू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, उपवास आहे का, हे आमच्या अर्जात भरा. दुपारचा डबा बहुधा गाडीत किंवा झाडाखाली खायचा असतो आणि तो रुक्ष असतो, हे मान्य. लसणाची चटणी बरोबर ठेवा.

कागदपत्रं आणि लस

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी. टांझानियाचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो, शुल्क ५० डॉलर. अर्ज आम्ही भरून देतो.

यलो फीवरच्या लशीत चालढकल करू नका. केनिया किंवा इथिओपियामार्गे परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथे तारीख घ्यावी लागते, आणि कार्ड लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आम्ही डॉक्टर नाही. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्यांनाच विचारा, पण विचारा नक्की.

बॅग

छोट्या विमानात १५ किलोच चालतात, कॅमेऱ्यासकट, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक सुटकेस सामानाच्या कप्प्यात बसत नाही. कपडे खाकी, बदामी, मळकट हिरवे. निळा आणि काळा टाळा, कारण त्या रंगांकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात आणि जीन्सवरूनही चावतात. लष्करी छपाईचे कपडे नेऊ नका. स्वेटर आणि कानटोपी घ्याच. "आफ्रिकेत कसली थंडी?" म्हणणारे गोरोंगोरोच्या कडेवर कुडकुडतात. ती जागा महाबळेश्वरपेक्षाही सुमारे ९०० मीटर उंच आहे. प्लास्टिकच्या कॅरीबॅगना टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा चपला गुंडाळायला कापडी पिशवी घ्या. दुर्बीण प्रत्येकी एक. दोघांत एक असली की भांडणं होतात, हा अनुभव आहे.

पैशांचा हिशेब

आमच्या दरात मुक्काम, जेवण, गाडी, चालक-वाटाड्या आणि उद्यानांची सगळी शुल्कं येतात. विमान तिकीट, व्हिसा, विमा, बलूनची फेरी आणि टिप येत नाही. चालकाला गाडीमागे दिवसाला २० ते ३० डॉलर देण्याची पद्धत आहे, ती सगळ्यांनी मिळून शेवटच्या दिवशी द्यायची. डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या आणि बिनघडीच्या न्या. जुन्या, फाटक्या नोटा कोणी घेत नाही. परदेश सहलीवर टीसीएस (सहलीच्या पैशांसोबतच आगाऊ घेतला जाणारा कर) भरावा लागतो, त्यासाठी पॅन द्या. ती रक्कम विवरणपत्रात जमेला धरता येते.

ताडोबाला जाऊन आलेल्यांसाठी एक सूचना. तिथे फेरी चार तासांची आणि डोक्यात एकच वाघ. इथे दिवस सकाळी सहाला सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालतो. चालकाला "सिंबा कुठाय?" असं सारखं विचारलंत तर तो सिंह दाखवेल, पण वाटेतला शेणकिडा आणि धनेश राहून जातील. त्यापेक्षा "पोले पोले" म्हणा, म्हणजे सावकाश. गाडीला 'गारी'च म्हणतात, दुकानाला 'दुका' आणि औषधाला 'दवा', त्यामुळे बोलणं फारसं अडत नाही.

नाताळ आणि जुलै ते ऑक्टोबर या काळासाठी किमान आठ-नऊ महिने आधी या, छोट्या कॅम्पचे तंबू मोजकेच असतात. येताना पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणा. आणखी दोन गोष्टी न लाजता सांगा: घरात कोण घोरतं आणि रात्री कोणाला उठावं लागतं. भिंती कापडाच्या असल्यामुळे घोरणाऱ्यांना आम्ही टोकाचा तंबू मागतो आणि उठणाऱ्यांना मेसजवळचा.