आधी कामाचा नकाशा, मग सॉफ्टवेअर

सांगली मार्केट यार्डातल्या पेढ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. ऑर्डर मिळाली की सुरुवातीला आमची माणसं लॅपटॉप उघडतच नाहीत, तुमच्या पेढीवर बसून नुसतं विचारत राहतात. "ह्यांना काम येतं का?" अशी शंका काहींना येते, म्हणून हे पत्रक.

हळदीच्या अडत दुकानाचं घ्या. मालक सांगतात, "सोपं आहे. माल येतो, सौदा होतो, वजन होतं, पट्टी निघते, पैसे जातात." (पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद.) दिवाणजींना विचारलं की खरं काम कळतं. शेतकऱ्याला दर पटला नाही तर माल थप्पीलाच राहतो की परत जातो? आधी घेतलेली उचल पट्टीतून कोण वळती करतं? सौदा झाल्यावर पोतं ओलं निघालं तर? सरळ वाटेवर कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. अडतं ते अशा ठिकाणी.

हे सगळं आम्ही बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) या कामाचा नकाशा काढायच्या चित्रपद्धतीने मांडतो. तिची 2.0 आवृत्ती 2011 ची, 2013 पासून ती आयएसओ 19510 हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. वाचायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. बारीक रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचं म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक काम. तोलाईदार, दिवाणजी, मालक यांना एकेक आडवा पट्टा. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की काम दुसऱ्याच्या हातात गेलं. उशीर बहुधा तिथेच होतो.

शंकरपाळीच्या आकाराची खूण मात्र नीट बघा. आत फुली असेल तर पुढच्या वाटांपैकी एकच धरायची. अधिकचं चिन्ह (+) असेल तर सगळ्या एकदम. वाटा फुलीने फुटल्या आणि अधिकने जोडल्या, तर सिस्टीम न घेतलेल्या वाटेची वाट बघत बसते. चूक दिसत नाही, एररही येत नाही, फक्त ती पट्टी कायमची 'प्रलंबित' राहते. कागदावर हे खोडरबराने सुटतं. चालू सॉफ्टवेअरमध्ये, ऐन हंगामात, काय होतं ते सांगायला नको.

तुमच्याकडून आम्हाला दिवाणजींचा निवांत वेळ आणि जुन्या पट्ट्या हव्यात, खाडाखोड असलेल्या आधी. तयार नकाशा मोठ्या कागदावर छापून देतो. पेढीवरच्या सगळ्यांनी वाचून पेनाने दुरुस्त्या कराव्यात. मालक आणि दिवाणजी दोघांची सही झाल्यावरच कोड लिहायला घेतो. सहीनंतरच्या बदलाचा खर्च वेगळा, आणि तो आधी लेखी कळवतो.